दादरला राहायला किती पडतं?

लग्नाचा बस्ता दादरला, गणपतीचं मखर दादरला, दिवाळीचे कंदील दादरला आणि मुलांची गाइडं-पुस्तकंही दादरलाच. विरार, डोंबिवली, पनवेलहून माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन येतात, रानडे रोडवर दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतात, एखादा वडापाव खातात आणि भरल्या पिशव्यांनिशी परतीची गाडी धरतात. त्यामुळे महागड्या वस्त्या आठवायला सांगितल्या की मलबार हिल, पाली हिल, जुहू तोंडावर येतात. दादर-शिवाजी पार्क कुणाला चटकन सुचत नाही. पण त्या परतीच्या गाडीत विचारून पाहावं, तुमचे आईवडील किंवा आजी-आजोबा दादर, नायगाव, परळ, लालबागला राहत होते का? डब्यातले निम्मे हात वर होतील असं मला खात्रीनं वाटतं. खरेदीला परवडणारं दादर राहायला परवडत नाही. हे कसं झालं आणि आज इथे राहायला नेमके कशाकशाचे पैसे मोजावे लागतात, याचा हिशेब एकदा मांडायला हवा.

आकडा एकच नाही, हे आधी सांगते. गोखले रोडच्या एकाच गल्लीत पागडीच्या, म्हणजे जुन्या गोठलेल्या भाड्याच्या, खोलीतलं कुटुंब महिन्याला काही शे रुपये भाडं भरतं. समोरच्या इमारतीत अकरा महिन्यांच्या करारावर राहणारं तरुण जोडपं जवळजवळ तेवढ्याच जागेला त्याच्या शंभरपट भरतं. कोपऱ्यावरच्या नव्या टॉवरमध्ये घर स्वतःचं असलं तरी दर महिन्याला मेंटेनन्सचं बिल येतं, आणि ते समोरच्या चाळीतल्या वर्षभराच्या भाड्याहून मोठं असतं. भाजी तिघं एकाच भाजीवाल्याकडून घेतात.

त्या भाजीपासूनच सुरुवात करू, कारण रोजच्या खर्चात दादर खरोखर स्वस्त आहे. पहाटे सेनापती बापट मार्गावर, पुलाखाली आणि स्टेशनच्या भिंतीलगत, नाशिक-पुण्याकडचा माल उतरतो. शहरभरचे किरकोळ विक्रेते तिथूनच माल उचलतात. जो मेथी-कोथिंबीर घ्यायला सकाळी सहाला पिशवी घेऊन खाली उतरेल, त्याला घाऊक आणि किरकोळ यांच्या मधला भाव मिळतो. फुलांचंही तेच. दसऱ्याच्या आदल्या रात्री झेंडूचा भाव इथे ठरतो आणि मग सगळ्या उपनगरांत चढत जातो. वाणसामानाच्या बाबतीत तर या भागानं शहराला वाट दाखवली. अपना बाजार १९४८ साली शेजारच्या नायगावात कामगारांच्या सहकारातून उभा राहिला. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं बायका महागाईविरोधात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारच्या दहा-पंधरा घरांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, आलेलं सामान कुणाच्या तरी दिवाणखान्यात वाटून घ्यायचं. माझ्या आईच्या काळात आमच्या घरी महिन्यातून एकदा तूरडाळीची पोती आणि तेलाचे डबे यायचे, आणि मजल्यावरच्या सगळ्या काकू तराजूभोवती बसायच्या. त्या बचतीचा आकडा मला माहीत नाही, पण शाळेच्या सहलीचे पैसे आई त्यातूनच काढायची हे आठवतं.

प्रवासाचा खर्च घ्या. सायन-माहीमच्या अलीकडे रिक्षाला बंदी, म्हणून दादरला रिक्षा नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला शिवाजी पार्कहून स्टेशन गाठायला टॅक्सीच करावी लागते, आणि टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये झालं. बेस्टचं किमान तिकीट मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० झालं, वातानुकूलित बसला १२. पण धडधाकट माणसाला यातलं काहीच लागत नाही. पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वे जिथे भेटतात त्या स्टेशनला तो पायी जातो. आता मेट्रो ३ चीही स्थानकं सिद्धिविनायक, दादर, शीतलादेवी अशी ओळीनं आली आहेत. मुलाला पोहायला शिकवायचं तर महापालिकेचा तलाव आहे, खेळायला सुमारे २८ एकरांचं मैदान फुकट आहे, नाटक पाहायचं तर शिवाजी मंदिर आहे, दुखणं आलं तर केईएम आणि सायन ही महापालिकेची मोठी रुग्णालयं जवळ आहेत. बदलापूरला राहणारा माणूस रोज चार तास आणि महिन्याचा पास मोजून जे मिळवतो, ते दादरकराच्या दारात असतं.

म्हणजे डोक्यावर छप्पर असेल तर दादरमध्ये संसार कमी पैशांत होतो. महाग आहे ते छप्पर. आणि ते आधीपासून असं नव्हतं.

१८९६ च्या प्लेगनं गिरगाव-भुलेश्वरच्या दाट वस्तीचं काय होतं ते दाखवून दिलं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला आणि त्यानं उत्तरेला दादर-माटुंग्याची आखणी केली. पूर्वेला हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी वसल्या. पश्चिमेला १९२५ मध्ये माहीम पार्क लोकांसाठी खुलं झालं आणि १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. भोवतालच्या तीन-चार मजली, गोल सज्ज्यांच्या इमारती प्रामुख्यानं भाड्यानं देण्यासाठी बांधलेल्या होत्या. घरमालकांनी 'टू लेट' च्या पाट्या लावून भाडेकरूची वाट पाहिली, असं आमच्या घरातली जुनी माणसं सांगत. दादर हे पगारदार मध्यमवर्गानं भाड्यानं राहावं म्हणून आखलेलं गाव होतं. आज त्याच गावात नवा पगारदार येऊ शकत नाही, हे लक्षात घेतलं की या विषयाचं गांभीर्य कळतं.

महायुद्ध आणि फाळणीच्या काळात घरांची टंचाई झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या वेळी ते बरोबरच होतं. त्या कायद्यामुळे लाखो कुटुंबं रस्त्यावर आली नाहीत, गिरणीतल्या आणि कचेरीतल्या माणसाला पन्नास वर्षं स्थैर्य मिळालं, मुलं शिकली. भाडेनियंत्रणाला सरसकट दोष देणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण तात्पुरता म्हणून केलेला कायदा वारंवार मुदतवाढ देत चालू ठेवला, आणि भाड्यातून साधा रंगाचाही खर्च निघेना, तेव्हा घरमालकानं दुरुस्ती सोडून दिली. नवी भाड्याची घरं बांधणं थांबलं. खोली सोडायची तर नव्या माणसाकडून रोख रक्कम घ्यायची, तिचा काही वाटा मालकाला द्यायचा, ही पागडी. १९४७ च्या कायद्यानं ती गुन्हा होती, तरी सगळ्या शहराचा व्यवहार तिच्यावर चालला. शेवटी १९९९ च्या कायद्यानं तिला मान्यता दिली आणि वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभाही दिली. त्याआधी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही गोठवलेली भाडी आता अवास्तव झाल्याचं म्हटलं होतं. तोवर इमारती खचल्या होत्या. त्यांच्या दुरुस्तीसाठी सरकारनं १९६९ मध्येच उपकर लावला होता. तेव्हा शहरात अशा १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या. त्यांतल्या कित्येकींना आज टेकूंचा आधार आहे.

या सगळ्याचा हिशेब असा निघतो की जो आधी आला त्याला छप्पर जवळजवळ फुकट पडलं आणि जो मागाहून आला त्याच्यावर सगळा भार पडला. दादरच्या चाळीत जन्मलेल्या मुलानं लग्न केलं की त्याला दुसरी खोली इथे मिळत नाही. तो मागाहून आलेलाच ठरतो.

मागाहून आलेल्यासाठी पहिला दरवाजा अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सचा. महिन्याचं भाडं, काही महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट, दलालाला एक महिन्याचं भाडं, कराराची नोंदणी, ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, पोलीस पडताळणी, टेम्पोचं भाडं. करार संपला की घरमालक वाढ मागतो, नाहीतर पुन्हा टेम्पो. ज्याच्याकडे एकरकमी पैसा असेल तो 'हेवी डिपॉझिट' देऊन महिन्याचं भाडं टाळतो, पण ती रक्कम अडकते, आणि मालक अडचणीत असला तर ती परत मिळेपर्यंत जीव टांगणीला लागतो. एकट्या मुलीला, मांसाहार करणाऱ्याला, मुसलमान किंवा दलित आडनावाच्या माणसाला याहून जास्त मोजावं लागतं. त्याची पावती कुठे मिळत नाही, पण चार घरं नाकारल्यावर पाचवं मिळेल त्या भावानं घ्यावं लागतं. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी आढळली. घर भाड्यानं दिलं तर परत मिळणार नाही, ही १९४७ पासूनची भीती अजून घरमालकाच्या मनातून गेलेली नाही, हे त्याचं एक मोठं कारण आहे.

दुसरा दरवाजा विकत घेण्याचा. शिवाजी पार्कच्या आसपास कार्पेटचा भाव चौरस फुटाला ५० हजार धरू. नव्या टॉवरमध्ये तो याहून वर जातो. ६०० फुटांचं घर ३ कोटींना पडतं. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १५ लाख. मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासकट ६ टक्के, म्हणजे १८ लाख. घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट आहे, ती जरूर घ्यावी. नोंदणीचे ३० हजार. ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देते, म्हणजे सव्वादोन कोटी. उरलेले ७५ लाख आणि वरचे कर धरून १ कोटी ८ लाखांच्या वर रक्कम खिशातून आणायची. मग साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता येतो महिन्याला सुमारे १ लाख ९५ हजार. बालमोहनच्या शिक्षकाला, बेस्टच्या वाहकाला, केईएमच्या परिचारिकेला, बँकेतल्या अधिकाऱ्यालासुद्धा हा हिशेब लागू पडत नाही. दादर ज्यांच्यामुळे चालतं ती सगळी माणसं या गणितातून बाहेर पडतात.

पण माझ्या मते आज सर्वांत कमी बोलला जाणारा खर्च वेगळाच आहे, आणि तो आधीपासून इथे असलेल्यांवर कोसळतो आहे. तो पुनर्विकासानंतरच्या राहण्याचा.

उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधताना मूळ भाडेकरूला पूर्वी किमान २२५ चौरस फुटांचं घर मिळे, आता किमान ३०० फुटांचं मिळतं, तेही मालकीचं. नायगाव-वरळीच्या बीडीडी चाळींत १६० फुटांच्या खोलीऐवजी ५०० फुटांचं घर मिळतं आहे. वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. तीन पिढ्या सार्वजनिक संडासासमोर रांग लावलेल्या कुटुंबाला स्वतःचं न्हाणीघर मिळणं यासारखा आनंद नाही, आणि या आनंदाला नाक मुरडणाऱ्या लेखांचा मला राग येतो. चाळीचे गोडवे गाणारे बहुतेक चाळीत राहत नाहीत.

तरीही आनंदानंतर बिल येतं. चार मजली इमारतीला लिफ्ट नव्हती, पंप एक होता, रखवालदार नव्हता. चाळीस मजली टॉवरला चार लिफ्ट, आग विझवण्याची यंत्रणा, जनरेटर, सांडपाण्याची प्रक्रिया, कॅमेरे, पाळ्यांत काम करणारे सुरक्षारक्षक, पोडियमवर गाड्या आणि बाग. समजा चौरस फुटाला महिन्याला १५ रुपये खर्च आला, तर ५०० फुटांना साडेसात हजार. त्याच्यावर एक रुपया गेला आणि सोसायटीची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर असली की १८ टक्के जीएसटी लागतो. मुंबईत ५०० फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, हा मोठा दिलासा. पण जिद्दीनं भांडून साडेपाचशे फूट मिळवलेल्याला तो नाही. बिल्डर देखभालीसाठी एकरकमी कॉर्पस देतो. दहा लाखांचा कॉर्पस ७ टक्क्यांनी ठेवला तर महिन्याला ५,८०० रुपये येतात. पहिल्या दिवसापासून हजार-दोन हजार कमी पडतात. व्याज तेवढंच राहतं आणि रखवालदाराचा पगार, विजेचा दर दरवर्षी वाढतात. दहा वर्षांनी लिफ्ट बदलायची वेळ येते. त्यात कॉर्पसमधून मुलीचं लग्न किंवा आजारपण निभावलेलं असतं, बहुतेक घरांत ते निभावलेलंच असतं.

काल तीनशे रुपये भाडं भरणारी विधवा बाई आज कागदावर दीड-दोन कोटींची मालकीण आहे आणि दर महिन्याच्या दहा तारखेला तिच्या पोटात गोळा येतो. दोन वर्षं कसंबसं भरून ती घर विकते किंवा भाड्यानं देते आणि मुलाकडे बोईसरला, नाहीतर बहिणीकडे सावंतवाडीला जाते. तिला कोणी हाकललेलं नसतं. कायद्याच्या कुठल्याही कलमाचा भंग झालेला नसतो.

आणि हे सगळं इमारत पूर्ण झाली तर. मधली वर्षं बाहेर काढायची असतात. बिल्डर महिन्याचं भाडं देतो, पण दादरमध्ये एकाच वेळी इतक्या इमारती पाडल्या जात आहेत की सगळे याच चार गल्ल्यांत भाड्याचं घर शोधतात आणि भाडी चढतात. मुलांच्या शाळेसाठी जवळ राहायचं तर वरची रक्कम पदरची. प्रकल्प रखडला तर भाडंही थांबतं. गोरेगावच्या पत्राचाळीतली ६७२ कुटुंबं २००८ च्या करारानंतर दशकाहून जास्त काळ घराबाहेर होती, आणि त्यांचं भाडं मध्येच बंद पडलं होतं. दादरच्या प्रत्येक सभेत ते नाव एकदा तरी निघतं.

याचा परिणाम जनगणनेत उतरलेला आहे. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंतची लोकसंख्या २००१ मध्ये ३३.३८ लाख होती, ती २०११ मध्ये ३०.८५ लाख झाली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेला. मजले वाढत असताना माणसं अडीच लाखांनी कमी झाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनीवर काय उभं राहिलं हे सगळे जाणतात. शिवसेना भवनासमोरची कोहिनूर मिल क्रमांक ३ ची जागा २००५ मध्ये ४२१ कोटींना विकली गेली. गिरणी कामगारांना घरं द्यायची म्हणून अलीकडे शेलू-वांगणीचं नाव पुढे आलं. ज्यानं परळला आयुष्य काढलं त्याला बदलापूरच्याही पलीकडे घर, यावर कामगार रस्त्यावर उतरले यात नवल नाही. त्याच्या सुनेला घरकाम करायला पुन्हा दादरलाच यायचं आहे, पहाटे साडेचारची गाडी पकडून.

स्वस्त खाण्याचंही असंच होणार आहे. दादरची थालीपीठं, साबुदाणा वडे, पियुष वाजवी भावात मिळतात, त्यामागे जुन्या इमारतीतल्या जुन्या भाड्याच्या गाळ्यांचा मोठा हात आहे. इमारत पडली की गाळ्याला आजचं भाडं लागतं आणि ते मिसळीच्या ताटलीत येतं. परवडेनासं झालेल्या खानावळी बंद होतात आणि त्या जागी मोबाइलचं दुकान येतं. भाजीवाल्याची पथारीदेखील टॉवरच्या फाटकासमोर चालत नाही. दादरचा जो रोजचा स्वस्तपणा मी वर सांगितला, तो जुन्या स्वस्त छपरांच्या जोरावर टिकलेला आहे, आणि ही छपरं एकेक करून जात आहेत.

आणखी एक गोष्ट कुठल्याच तक्त्यात येत नाही. सचिन तेंडुलकर राहायला वांद्र्याला, शाळा आणि सराव दादरला. जाण्यायेण्यात मुलगा दमतो म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला आला. असे भाचे-पुतणे दादरच्या घराघरांत होते. कोकणातून, घाटावरून मुलगा शिकायला आला की दीड खोलीत त्याची पथारी वाढायची. रुपारेल, कीर्ती, पॉलिटेक्निक, व्हीजेटीआय अशी शिक्षणं त्या पथारीवर झाली. महाराष्ट्रातल्या गरीब हुशार मुलाला मुंबईचा रस्ता दादरच्या एखाद्या आत्याच्या स्वयंपाकघरातून जायचा. आज आत्या टिटवाळ्याला आहे.

काय करता येईल याबद्दल लांबलचक बोलणार नाही, पण दोन गोष्टी तातडीच्या आहेत. पुनर्विकासाच्या करारात कार्पेट, कॉर्पस आणि भाडं यांच्याइतकंच ठळकपणे पहिल्या दहा वर्षांचा महिन्याचा देखभाल खर्च लिहिलेला असावा आणि मूळ रहिवाशांच्या इमारतीची यंत्रणा विक्रीच्या टॉवरपासून वेगळी, साधी असावी. त्यांना पोडियमवरची बाग आणि जिम परवडत नाही, ती त्यांच्या माथी मारू नये. दुसरं म्हणजे शाळा, रुग्णालय, बेस्ट, महापालिका यांतल्या माणसांसाठी सरकारनं या भागात पुन्हा भाड्याची घरं बांधावीत. विकण्यासाठी नव्हे, भाड्यानं देण्यासाठी. शंभर वर्षांपूर्वी दादर तसंच वसलं होतं.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीची सभा झाली. सल्लागारानं पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली, तेविसाव्या मजल्यावरून दिसणारा समुद्र दाखवला. सगळे कार्पेटचे फूट मोजत होते. तळमजल्यावरच्या ब्याऐंशी वर्षांच्या मावशींनी दोनदा हात वर केला, तिसऱ्यांदा उठूनच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, महिन्याचं किती पडेल तेवढं सांगा." सल्लागाराकडे आकडा नव्हता. मावशींनी सेक्रेटरींना प्रश्न इतिवृत्तात लिहायला लावला, वाचून दाखवायला लावला, आणि उत्तर लेखी येईपर्यंत संमतीपत्रावर सही करणार नाही असं सांगून त्या खाली बसल्या. सभा संपेपर्यंत आणखी अकरा जणांनी आपली संमतीपत्रं सही न करताच घडी घालून पिशवीत ठेवली. पुढची सभा येत्या रविवारी आहे.